दुर्बिणीतून बघितलेला गुडघा आणि बदललेली ‘वाटी’: शस्त्रक्रिया लागू पडते हे कसं ठरवतात?

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलण्यात आला. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन रानावत न्यूयॉर्कमध्ये काम करत होते, पण त्यांचं वैद्यकीय शिक्षण इंदूरचं. पुढच्या वर्षी जूनमध्ये उजवा गुडघाही त्याच रुग्णालयात बदलला गेला. ‘गुडघा बदलता येतो’ ही गोष्ट तोवर बऱ्याच घरांत ऐकूनही माहीत नव्हती. या बातमीने ती सगळीकडे पोचवली.

त्यानंतर साधारण वर्षभराने, जुलै २००२ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा एक शोधनिबंध आला. विषय गुडघाच, पण शस्त्रक्रिया वेगळी. दुर्बिणीतून गुडघा धुऊन-खरवडून साफ करण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना तिथे चक्क लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेशी केली होती, आणि दोन्हींत फरक सापडला नाही.

आपल्याकडे या दोन्हींना सरसकट ‘गुडघ्याचं ऑपरेशन’ म्हणतात. पुराव्याच्या दृष्टीने मात्र दोघींचा इतिहास अगदी उलटा आहे. एक शस्त्रक्रिया दरवर्षी लाखो लोकांवर होत होती आणि नीट परीक्षा घेतल्यावर नापास झाली. दुसरी काही दशकं अशा परीक्षेविनाच पसरली, आणि परीक्षा झाली तेव्हा पास झाली, पण काही अटींसह. पीएचडीच्या तयारीत असाल तर हा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे. ‘परिणामकारकता’ हा शब्द आपण सिनॉप्सिसमध्ये सहज लिहून टाकतो. तो सिद्ध करायला काय काय लागतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

एक खुलासा आधीच करते. मी डॉक्टर नाही. विज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पीएचडी करते आहे. हा लेख संशोधनाच्या पद्धतीबद्दल आहे. त्यावरून कुणाच्या गुडघ्याचा निर्णय घेऊ नका.

आधी शब्द नीट करू

‘वाटी झिजली’, ‘वाटी बदलली’ असं आपण म्हणतो. पण वाटी म्हणजे गुडघ्याच्या पुढचं ते गोल हाड. सांधेबदल शस्त्रक्रियेत मुख्य काम तिथे होत नाही. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक, या दोन्हींचे झिजलेले पृष्ठभाग कापून तिथे धातूचे भाग बसवतात आणि मधे पॉलिथिनचा तुकडा ठेवतात. वाटीच्या आतल्या बाजूला कधी प्लास्टिकची चकती लावतात, कधी नाही. म्हणजे ‘गुडघा बदलला’ यापेक्षा ‘गुडघ्याला नवे पृष्ठभाग बसवले’ हे वर्णन जास्त बरोबर आहे.

‘गादी फाटली’ म्हणतात ती दोन हाडांच्या मधली चंद्रकोरीच्या आकाराची कूर्चा, म्हणजे मेनिस्कस. आणि ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणजे आर्थ्रोस्कोपी. छोट्या छेदांतून नळी घालून आत बघायचं, पाणी सोडून सांधा धुवायचा, सुटे तुकडे काढायचे, खडबडीत भाग गुळगुळीत करायचा, फाटलेल्या गादीचा भाग कापायचा.

हे शब्द मुद्दाम सांगितले. संशोधनाचा प्रश्न लिहिताना पहिली गडबड इथेच होते. ‘गुडघ्याची शस्त्रक्रिया परिणामकारक आहे का?’ हा संशोधनाचा प्रश्नच होत नाही. कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या आजारासाठी, कोणत्या वयात, कशाच्या तुलनेत आणि किती काळानंतर, हे सगळं लिहिल्यावरच प्रश्न तयार होतो.

हस्तिदंतापासून कोबाल्ट-क्रोमपर्यंत

गुडघ्यात कृत्रिम सांधा बसवण्याचा प्रयत्न १८९० मध्ये बर्लिनला थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने केला. सांधा हस्तिदंताचा होता आणि रुग्णांचे सांधे क्षयरोगाने खराब झालेले होते. सुरुवातीला यश आल्यासारखं वाटलं, पण संसर्गापुढे हे सांधे टिकले नाहीत. पुढे १९५० च्या दशकात स्वीडनच्या वॉल्डियस यांनी बिजागरीसारखा सांधा बनवला. अडचण अशी की गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षावर फिरत नाही. वाकताना तो थोडा घसरतो आणि थोडा वळतोही. बिजागरीवर ताण यायचा आणि सांधा सैल व्हायचा.

१९६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथे फ्रँक गन्स्टन यांनी वेगळा विचार केला. जॉन चार्नली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी धातू, पॉलिथिन आणि हाडाचं सिमेंट असा संच तिथेच रुळवला होता. तोच संच वापरून, बिजागरी टाळून, गन्स्टन यांनी फक्त पृष्ठभाग बदलले. त्यानंतर १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये ‘टोटल कॉन्डिलर’ हा सांधा तयार झाला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच्याच वंशातले. तो घडवणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर चित्तरंजन रानावतही होते. वाजपेयींच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करायला आलेला माणूस या सांध्याच्या जन्मापासून त्या कामात होता, ही गोष्ट बातमीत सहसा मागे पडते.

आपल्या पुण्यातही या इतिहासाचं एक पान आहे. डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये सुरू केलेलं अस्थिरुग्णालय आज शिवाजीनगरला उभं आहे. भारतीय रुग्णांच्या हाडांचा आकार आणि खाली बसायची सवय, या दोन्हींचा विचार करून तुलनेने स्वस्त असा ‘इंडस’ नावाचा देशी कृत्रिम गुडघा त्यांनी विकसित केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. १९७० च्या दशकापासून हे सांधे बसवले जात होते, पण ‘शस्त्रक्रिया विरुद्ध शस्त्रक्रिया नाही’ अशी यादृच्छिक विभागणीची चाचणी कुणी केली नव्हती. मग पुरावा काय होता? एक म्हणजे आधी आणि नंतर यांतला फरक. जो माणूस घरातल्या घरात चालू शकत नव्हता, तो बाजारात जाऊन यायला लागला. दुसरा पुरावा नोंदवह्यांचा. स्वीडनने १९७५ पासून बसवलेल्या गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद ठेवायला सुरुवात केली. कोणता सांधा किती वर्षं टिकतो, तो पुन्हा कधी बदलावा लागतो, हे अशा नोंदींमधून कळतं. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका विश्लेषणानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षं टिकतात. आपल्याकडच्या नोंदवहीत डॉक्टर स्वेच्छेने माहिती भरतात, त्यामुळे भारतासाठी असा आकडा सांगणं अवघड आहे.

पण ‘सांधा टिकला’ आणि ‘माणसाला बरं वाटलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांधा जागेवर घट्ट असतो आणि माणूस तरीही दुखतंय म्हणतो, असं होतं. गुडघा बदलल्यावरही साधारण पाचातल्या एकाला दीर्घकाळ वेदना राहतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे.

दुर्बीण कशी पसरली

१९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय बघायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मसाकी वातानाबे यांनी पुढे खास सांध्यासाठी दुर्बिणी बनवल्या आणि १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा भाग कापून दाखवला. आधी ज्यासाठी सांधा उघडावा लागायचा, ते काम आता दोन-तीन छोट्या छेदांत व्हायला लागलं. टाके कमी, रुग्णालयातला मुक्काम कमी.

मग हे तंत्र झिजेच्या गुडघ्यालाही लावलं गेलं. त्यामागचा तर्क पटण्यासारखा होता. झिजलेल्या सांध्यात कूर्चेचा चुरा असतो, सूज आणणारे पदार्थ असतात. ते धुऊन काढले तर बरं वाटायला हवं. आणि रुग्णांना बरं वाटतही होतं. नियंत्रण गट नसलेल्या पाहण्यांमध्ये साधारण निम्मे रुग्ण वेदना कमी झाल्याचं सांगत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एकट्या अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांहून अधिक अशा शस्त्रक्रिया होत होत्या.

इथे थांबून विचार करा. तर्क आहे, समाधानी रुग्ण आहेत, अनुभवी शल्यविशारद आहेत. मग शंका कशाची?

शंका तीन गोष्टींची. पहिली, दुखणं चढ-उतारात चालतं आणि माणूस ते टोकाला गेल्यावर डॉक्टरकडे जातो. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीच केलं नाही, तरी ते थोडं उतरतंच. संख्याशास्त्रात याला मध्याकडे परतणं म्हणतात. दुसरी, शस्त्रक्रियेनंतर माणूस विश्रांती घेतो, व्यायाम करतो, गोळ्याही घेतो. श्रेय कुणाचं? तिसरी, शस्त्रक्रिया हा मोठा विधी असतो. उपाशी राहणं, सही करणं, दिव्यांखाली झोपणं, खर्च करणं. यातून तयार होणारी अपेक्षा वेदनेवर परिणाम करते. म्हणजे प्लासिबो फक्त साखरेच्या गोळीत असतो असं नाही.

हे तेव्हाही नवीन नव्हतं. १९५० च्या दशकात हृदयविकाराच्या छातीदुखीवर छातीतली एक रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया चालायची. १९५९ मध्ये १७ रुग्णांवरच्या एका अभ्यासात काहींची वाहिनी बांधली आणि काहींना फक्त वरचा छेद दिला. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. ती शस्त्रक्रिया लवकरच बंद पडली.

ह्यूस्टनचे १८० गुडघे

ब्रूस मोझली हे ह्यूस्टनचे अस्थिशल्यविशारद. नुसतं धुणं बरं की धुऊन खरवडणं बरं, याची तुलना त्यांना करायची होती. सहकारी नेल्डा रे यांनी प्लासिबो गटही ठेवायला सुचवलं. आधी दहा जणांवर छोटा प्रयोग झाला, मग मोठी चाचणी. माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या १८० रुग्णांची चिठ्ठी टाकावी तशी तीन गटांत विभागणी झाली: खरवडणं, नुसतं धुणं आणि लुटुपुटूची शस्त्रक्रिया.

तिसऱ्या गटात काय केलं ते वाचा, कारण रचनेतली काळजी इथेच दिसते. रुग्णाला गुंगीचं औषध दिलं. त्वचेवर एक सेंटिमीटरचे तीन छेद घेतले. डॉक्टरांनी नेहमीसारखी सगळी अवजारं मागितली, पाण्याचा आवाज व्हावा म्हणून सलाइन उडवलं, खऱ्या शस्त्रक्रियेला लागतो तेवढा वेळ घेतला. दुर्बीण मात्र आत घातली नाही. सगळ्या शस्त्रक्रिया एकाच डॉक्टरांनी, म्हणजे मोझली यांनीच केल्या. नंतर रुग्णांना तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे हे माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी वेदनेचे सरासरी गुण, शून्य ते शंभर या मापावर, असे होते: लुटुपुटू गट ५१.६, धुण्याचा गट ५३.७, खरवडण्याचा गट ५१.४. मापावर जास्त गुण म्हणजे जास्त वेदना. एकाही टप्प्यावर खरी शस्त्रक्रिया लुटुपुटूच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही.

नैतिकतेचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. माणसाला विनाकारण कापायचं का? या चाचणीत प्रत्येक रुग्णाला स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागलं, की आपल्यावर केवळ प्लासिबो शस्त्रक्रिया होऊ शकते आणि तसं झालं तर झिजेवर उपचार झालेला नसेल. पात्र ठरलेल्या ३२४ पैकी १४४ जणांनी नकार दिला. दुसरी बाजूही आहे. दरवर्षी लाखो लोकांवर परिणाम सिद्ध न झालेली शस्त्रक्रिया करत राहणं, हे नैतिक ठरतं का?

आक्षेप, आणि आक्षेपांची उत्तरं

निबंधावर टीका झाली आणि त्यातली बरीच रास्त होती. एकच डॉक्टर, जवळजवळ सगळे पुरुष रुग्ण, नकार देणारे खूप, वेदनेचं मुख्य माप या अभ्यासापुरतंच बनवलेलं. चांगल्या विषयात टीकेचं पुढे काय होतं, ते इथे बघण्यासारखं आहे: टीका वादात अडकून न राहता तिच्यातून पुढची चाचणी तयार होते.

कॅनडातल्या लंडन, ऑन्टॅरिओ इथे अलेक्झांड्रा कर्कली यांनी सुरू केलेल्या चाचणीत स्त्रिया होत्या, एकाहून अधिक शल्यविशारद होते आणि जगभर मान्य असलेली ‘वोमॅक’ ही प्रश्नावली होती. एका गटाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि औषधं. दुसऱ्याला शस्त्रक्रिया सोडून बाकी सगळं. २००८ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी २४०० पैकी सरासरी गुण ८७४ आणि ८९७. फरक नगण्य.

मग म्हटलं गेलं, ‘झीज असलेल्यांचं राहू द्या, ज्यांची फक्त गादी फाटली आहे त्यांना तर फायदा होतो.’ फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांवर हे तपासलं गेलं. सगळ्यांची गादी वयोमानाने विरलेली, पण झीज नाही. दुर्बिणीतून बघून निदान पक्कं केल्यावरच शस्त्रक्रियागृहात पाकीट उघडायचं: गादी कापायची, की फक्त कापल्याचं नाटक करायचं. २०१३ चा निकाल असा, की वर्षभरानंतर दोन्ही गटांत बहुतेक जण सुधारले होते आणि गटांमध्ये अर्थपूर्ण फरक नव्हता. म्हणजे ‘माझे रुग्ण बरे होतात’ हा डॉक्टरांचा अनुभव खोटा नव्हताच. ते बरे होतच होते. फक्त त्याचं कारण कापणं हे नव्हतं.

२०१७ मध्ये ‘बीएमजे’ने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची शिफारस छापली: वयोमानाने झिजलेल्या जवळपास सर्व गुडघ्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये. ‘जवळपास सर्व’ आणि ‘वयोमानाने झिजलेल्या’ हे शब्द सोडून वाचू नका. खेळताना लिगामेंट तुटलेल्या तरुणाला किंवा गादीचा तुकडा अडकून गुडघा कुलूप लागल्यासारखा बंद झालेल्याला ही शिफारस लागू नाही.

आणि सांधेबदल?

२०१५ मध्ये डेन्मार्कमधून ती राहिलेली चाचणी आली. गुडघा बदलण्याच्या लायक ठरलेले १०० रुग्ण घेतले. सगळ्यांना बारा आठवडे व्यायाम, माहितीवर्ग, आहाराचा सल्ला, पादत्राणात घालायचे सोल आणि गरजेप्रमाणे औषधं. निम्म्यांचा त्याआधी गुडघाही बदलला. वर्षभराने शंभराच्या मापावर शस्त्रक्रियेच्या गटात ३२.५ गुणांची सुधारणा आणि दुसऱ्या गटात १६ गुणांची. म्हणजे दुप्पट. सांधेबदल पास झाला.

पण निबंध पुढे वाचला तर चित्र बदलतं. गंभीर दुष्परिणाम शस्त्रक्रियेच्या गटात २४, दुसऱ्या गटात ६. आणि ज्यांचा गुडघा बदलला नव्हता अशा ५० पैकी १३ जणांनी वर्षभरात तो बदलून घेतला. म्हणजे बाकीच्या ३७ जणांना निदान वर्षभर तरी त्याची गरज पडली नाही. ज्यांना ‘आता बदलण्याशिवाय पर्याय नाही’ असं वाटत होतं, त्यांतल्या बऱ्याच जणांना नीट आखलेल्या व्यायामाने वेळ मिळाला. शिवाय इथे लुटुपुटूचा गट नव्हता, त्यामुळे त्या दुपटीत अपेक्षेचा वाटा किती, हे या चाचणीतून कळत नाही.

आपल्या गुडघ्यांचं काय?

ही सगळी माहिती ह्यूस्टन, ऑन्टॅरिओ, फिनलंड, डेन्मार्कची. आपल्याकडचा प्रश्न कुठे सुरू होतो हे बघायचं तर पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला जावं लागेल. १९९६ मध्ये पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी तिथे घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चाललेल्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांचा काही ना काही त्रास निघाला. रुग्णालयात बसून ही गोष्ट कळली नसती, कारण रुग्णालयात येतो तो दुखणाऱ्या लोकांपैकी निवडक भाग.

त्याच केंद्राने वोमॅक प्रश्नावलीची भारतीय आवृत्तीही तयार केली. मूळ प्रश्नावलीत बाथटबमध्ये उतरताना, गाडीतून उतरताना, मोजे घालताना किती त्रास होतो, असे प्रश्न आहेत. भिगवणच्या शेतकरी बाईला हे विचारून काय कळणार? तिचा त्रास उकिडवं बसून भांडी घासण्याचा, मांडी घालून भाकऱ्या थापण्याचा, देशी संडासात बसण्याचा. ज्या मापाने ‘परिणाम’ मोजायचा, तेच माप तिच्या आयुष्याला लागू नसेल तर आकडा कितीही नेमका असो, तो तिचा नसतो. सांधेबदलानंतर वेदना जाते, पण अनेकांना खाली बसणं टाळायला सांगतात. मोजे घालण्याच्या प्रश्नात ही किंमत दिसत नाही.

पैशाच्या बाबतीतही अशी गल्लत होते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमच्या संचासाठी ती जीएसटी सोडून ५४,७२० रुपये होती. त्याने सांधा आवाक्यात आला, ही चांगलीच गोष्ट. पण ‘परवडतो’ हे ‘मला लागतो’ याचं उत्तर नाही.

मी राहते त्या धायरीत संशोधन करणाऱ्या मुलीला लोक अर्धा डॉक्टर समजतात. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, “दुर्बिणीतून साफ करून घेऊ का गं? जावेला लगेच फरक पडला.” जावेला फरक पडला हे खरंच असणार. मी काकूंना एवढंच म्हटलं, की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझ्या गुडघ्याला नेमकं काय झालंय, हे न करता तीन महिने नीट व्यायाम केला तर काय होईल, आणि तुम्ही ‘फरक’ म्हणता तो कशातला, वेदनेतला, चालण्यातला की खाली बसण्यातला?

तुम्ही शोधनिबंध वाचायला घ्याल तेव्हा हेच तीन प्रश्न थोड्या जड भाषेत समोर येतील: रुग्ण कोण, तुलना कशाशी, माप कोणतं. त्यांत आणखी दोन घाला. किती जणांनी भाग घ्यायला नकार दिला? आणि किती जण अधेमधे गट बदलून गेले? बहुतेक निबंधांत या दोन आकड्यांसाठी पहिल्याच आकृतीत चौकोन आणि बाण असतात. निष्कर्ष वाचण्याआधी ती आकृती वाचायची सवय लावा. आज सुरुवात करायची असेल तर मोझली (२००२) आणि डेन्मार्कची चाचणी (२०१५) शेजारी ठेवा आणि पाचही प्रश्नांची उत्तरं एका पानावर लिहून काढा. कुठे अडलात तर खाली लिहा, पुढच्या लेखात तिथूनच सुरुवात करू.